आसनाची घडी



गेल्या पर्युषणात एका परिचित गृहस्थांनी मला मंदिराच्या मंडपात बाजूला घेऊन विचारले, "साहेब, कायोत्सर्गाला उभे राहताना आपण डाव्या पायाखाली आसनाची घडी ठेवता. काही नियम घेतला आहे काय?" नियम वगैरे काही नव्हता. उजव्या खुब्याचा सांधा बदलल्यापासून तो पाय मला लांब वाटत होता आणि मंदिरात पादत्राणे चालत नाहीत, एवढेच कारण. त्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "हिचीही तीच शस्त्रक्रिया झाली आहे. चाल वाकडी दिसते म्हणून चार महिने मंदिरात आली नाही." त्या भगिनींसाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हा लेखांक.

माझी शस्त्रक्रिया चैत्रात नागपुरात झाली. वॉकर धरून प्रथम उभा राहिलो तेव्हा एक पाय पायरीवर आणि दुसरा जमिनीवर असल्याचा भास झाला. भंडाऱ्यास परतेपर्यंत साठ किलोमीटरच्या वाटेत मी मनातल्या मनात डॉक्टरांविरुद्ध आरोपपत्र तयार केले होते! ते दाखल केले नाही, हे बरेच झाले.

बँकेत ताळा जुळेना की नवखा कर्मचारी आजच्या नोंदी तपासू लागतो. जुना हेडक्लार्क मागील बाकी पाहतो. येथेही तसेच आहे. सांध्याची कूर्चा झिजते, हाड खचते, तसा दुखरा पाय वर्षानुवर्षे आखूड होत जातो. शरीर ते निमूटपणे सांभाळून घेते. कंबर कलते, स्नायू आखडतात. शस्त्रक्रियेत लांबी पूर्ववत झाली, तरी कललेल्या कमरेला तीच लांबी अधिक भासते. हा भासमान फरक. व्यायामाने स्नायू सैल व सबळ होतात, तसा तो बहुधा तीन ते सहा महिन्यांत ओसरतो.

दुसरा फरक खरा असतो. कृत्रिम सांधा निखळू नये म्हणून भोवतालच्या स्नायूंना पुरेसा ताण हवा. तो साधण्यासाठी शल्यविशारदास कधी कधी किंचित लांबी पत्करावी लागते. एक सेंटीमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांच्या अंगवळणी पडतो. मात्र याची कल्पना आधी द्यायला हवी होती. मला कोणी दिली नव्हती. शस्त्रक्रियेस जाणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा.

फरक घरच्या टेपने मोजू नये. आखूड वाटणाऱ्या पायाखाली ठरावीक जाडीच्या फळ्या ठेवून कंबर समपातळीत येते का, हे तज्ज्ञ पाहतात; जोडीला क्ष-किरण चित्र. माझा फरक आठ मिलिमीटर निघाला. मला तो दोन बोटे वाटत होता.

घाईने चपलेस उंच तळ लावला, तर कलती कंबर तशीच राहण्याचा धोका असतो. म्हणून काही महिने थांबून, डॉक्टरांच्या संमतीनेच तो लावावा आणि तोही पूर्ण फरकाएवढा नव्हे, थोडा थोडा वाढवत. साधारण एक सेंटीमीटरपर्यंतची गादी बुटाच्या आत मावते. त्याहून अधिक असल्यास टाच बाहेर येऊ लागते, म्हणून तळ बाहेरून वाढवावा लागतो. तो रबराचा किंवा फोमचा होतो, चामड्याची गरज नाही. घरातल्या सपातांनाही तो लावावा. आपण दिवसाचा मोठा भाग घरातच असतो. पाय एकाएकी आखूड झाला, तीव्र कळ आली किंवा पाऊल लुळे पडले, तर मात्र थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अडचण उरते ती अनवाणी पायांची. उभे राहण्यापुरती आसनाची घडी चालते. ती फरशीवर सरकता कामा नये आणि हाताशी खांब किंवा भिंत हवी. प्रदक्षिणेस ती निरुपयोगी. त्यासाठी रबरी टोकाची स्वच्छ काठी मंदिरातच ठेवावी. मांडी घालणे किंवा पंचांग नमस्कारासाठी खाली वाकणे डॉक्टरांनी परवानगी दिल्याखेरीज नको. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक खुर्चीवरही होते. विश्वस्त मंडळींना विनंती, की पायऱ्यांना कठडा आणि मागे चार उंच खुर्च्या असाव्यात. दुकानाच्या गादीवर बसण्याचा आग्रह तर व्यापारी बंधूंनी काही काळ सोडावाच. गल्ला खुर्चीवरूनही मोजता येतो.

त्या भगिनींची दिवाळीनंतर रीतसर मोजणी झाली. फरक दीड सेंटीमीटर, आणि तो खरा. बाहेरून तळ वाढवलेली चप्पल गेल्या आठवड्यात तयार झाली. मंदिरासाठी त्यांच्या सुनेने जुन्या सतरंजीचे चारपदरी छोटे आसन शिवून दिले आहे, खालून रबरी जाळी लावून. माझ्या आसनापेक्षा ते सरस आहे. मीही एक मागितले आहे.