रक्तगट जुळतो का?

परवा मावशीचा फोन आला. मावसभावाचं जवळजवळ ठरलेलं लग्न मोडलं. का? तर मुलगी बी पॉझिटिव्ह, हाही बी पॉझिटिव्ह. "एकच रक्तगट असला की मुलांना त्रास होतो म्हणे!" पत्रिका मानत नाही म्हणणाऱ्या घरात ही नवी एकनाड!

तर मंडळी, नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर काहीही बिघडत नाही. लक्ष द्यावं लागतं ते आई आरएच निगेटिव्ह आणि बाबा पॉझिटिव्ह असतील तर. त्यासाठीही लग्न मोडायची गरज नाही. बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. तिचं शरीर त्याला परकं समजून अँटीबॉडीज बनवतं. पहिलं बाळ सहसा सुटतं. पुढचं पॉझिटिव्ह असलं, तर त्या अँटीबॉडीज वारेतून पलीकडे जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मग अ‍ॅनिमिया, कावीळ, कधी बाळ पोटातच जातं.

यावर १९६८ पासून अँटी-डी इंजेक्शन मिळतं. एक साधारण २८व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत दुसरं. ते दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी २०१८ पर्यंत हजाराहून जास्त वेळा प्लाझ्मा दिला. (२०२५ मध्ये ते गेले. मी दोनदा रक्तदान केलंय, तेही ऑफिसात बिस्किटं होती म्हणून.)

आता खरं सांगतो. माझी बायको ए निगेटिव्ह, मी पॉझिटिव्ह. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात गर्भ गेला. तेव्हाही अँटी-डी द्यायचं असतं. फाईलच्या पहिल्या पानावर तिचा रक्तगट लिहिलेला होता, पण डिस्चार्जच्या वेळी कुणी इंजेक्शनचं नाव काढलं नाही. मीही नाही. दिवसभर कोडमधले बग शोधणारा माणूस, बिल तेवढं दोनदा तपासलं.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, तेव्हा अँटीबॉडीजची टेस्ट पॉझिटिव्ह आली. एकदा त्या तयार झाल्या की इंजेक्शनचा उपयोग नसतो. मग सतत डॉपलर सोनोग्राफी. पोटातल्या बाळाला दोनदा रक्त चढवलं. मुलगी आज पाच वर्षांची आहे, ठणठणीत.

म्हणून म्हणतो, रक्तगट जरूर विचारा. पण बघण्याच्या कार्यक्रमात, पोह्यांची बशी हातात धरून नव्हे. गर्भ गेला असो की बाळंतपण झालेलं असो, दवाखान्यातून निघताना विचारा, "अँटी-डी दिलं का?"

मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण आता त्यांना फोन कुणी करायचा?"