दाट ऑइलचा हट्ट नको

‘आपल्याकडे उकाडा फार, गाडीत जरा दाट ऑइल टाका.’ वसई-विरारमधल्या गॅरेजांत हा सल्ला सर्रास मिळतो. सल्ला आपुलकीचा असतो, पण चुकीचा असतो.

डब्यावरच्या ‘१०डब्ल्यू-३०’मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याआधीचा आकडा थंडीत इंजिन सुरू होताना ऑइल किती वाहते राहील ते सांगतो. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एवढी थंडी कधीच पडत नाही, त्यामुळे पहिल्या आकड्यात थोडे इकडेतिकडे झाले तर इथे निभावते. दुसऱ्या आकड्याचे तसे नाही. तो १०० अंश तापलेल्या ऑइलचा दाटपणा सांगतो आणि इंजिनातल्या फटी, ऑइल पंप यांच्या मापानेच कंपनी तो ठरवते.

म्हणूनच एकाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये ॲक्टिव्हाला १०डब्ल्यू-३०, बुलेटला १५डब्ल्यू-५० आणि नव्या पेट्रोल कारला अनेकदा ०डब्ल्यू-२० लागते. हवा सगळ्यांना वसईचीच, इंजिने वेगळी. पातळ ऑइलसाठी घडवलेल्या इंजिनात दाट ऑइल ओतले की सकाळी ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, मायलेजही घटते.

आकडा जुळला तरी काम संपत नाही. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्यांना ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेले ऑइल हवे. स्कूटरचे ‘एमबी’ घातले तर क्लच घसरू शकतो.

वसईकरांच्या गाड्यांना त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टींनी. घर ते स्टेशन एवढ्याच फेरीत इंजिन पुरते तापत नाही आणि पाण्याचा अंश ऑइलमध्येच राहतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या कोंडीत किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र तासन्‌तास चालते. यावर उपाय दाट ऑइल नव्हे, लवकर बदललेले ऑइल.

आणि पावसाळा! जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या. अशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला किक किंवा स्टार्टर मारू नये. आधी डिपस्टिक काढावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. गाडी ढकलत किंवा टो करून गॅरेजात न्यावी, तपासणी करून ऑइल आणि फिल्टर बदलावा.

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडीसोबतची पुस्तिका घेऊन जा. त्यातला ग्रेड मेकॅनिकला दाखवा आणि सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगा.