आजीचा दिवा आणि लंडनचं घड्याळ



शिर्डीचा विमानतळ म्हणतात ना, तो खरं तर आमच्या कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. २०१७ साली तो सुरू झाला. विमानाची घरघर ऐकू आली, की आमचा चौथीचा वर्ग खिडकीशी धावतो!

जानेवारीतली गोष्ट. वर्गातली एक मुलगी वहीत आकडे लिहून आली. तिचा दादा शिकायला लंडनला निघाला होता. विमान मुंबईहून दुपारी २ ला सुटणार, लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरणार.

"बाई, साडेचार तासच! एस.टी.नं मुंबईला जायला याहून जास्त लागतात. दादा जवळच चाललाय असं आजीला सांगितलं, तेव्हा कुठे ती जेवली."

आता आली का पंचाईत! पण चुकलेला हिशेब बरोबर कसा म्हणायचा?

मी फळ्यावर लिहिलं : मुंबई ते लंडन, सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. प्रवासी विमानाचा वेग ताशी साधारण ९०० किलोमीटर. मुलांनी गुणाकार केला. साडेचार तासांत होतात फक्त ४,०५० किलोमीटर! मग उरलेली वाट कुठे गेली?

ती लपली होती घड्याळात. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताची घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली, तर लंडनमधलं ग्रिनिच शून्य अंशावर. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं. साडेपाच तास! सूर्य आपल्याकडे आधी येतो, म्हणून आपलं घड्याळ पुढे. (उन्हाळ्यात तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा.)

विमान उतरलं तेव्हा तिथे साडेसहा, पण कोपरगावात रात्रीचे बारा. म्हणजे प्रवास दहा तासांचा! आणि हेही काही फार नाही बरं का. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून निघालं, ते कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोहोचलं होतं.

शाळा सुटली. आजी न्यायला आली होती. मुलीनं स्वतःच खरं सांगून टाकलं, "आजी, साडेचार नाही गं, दहा तास."

आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग मी सांजच्याला सातला दिवा लावते, तव्हा त्याच्याकडं किती वाजत्यात?"

मुलीनं बोटं मोजली. "दुपारचा दीड!"

"म्हंजी जेवायची येळ. तव्हाच फोन लावू. जेवला का ते तरी कळंल."

आता तुमची पाळी! परतीचं विमान लंडनहून रात्री ९ ला सुटतं आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पोहोचतं. प्रवास किती तासांचा? उत्तर दहापेक्षा कमी येईल. घाबरू नका! उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि घरी येणाऱ्या विमानाला पाठीमागून ढकलतात.