अपठित उतारा आणि प्रौढ विद्यार्थी

नागपुरातील महाल भागातून एका वाचकभगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय ३९ वर्षांचे असून घरी सासूसासरे, दीर-जावा व मुले असा भरला संसार आहे. लग्नानंतर खंडित झालेले शिक्षण त्यांनी मुक्त विद्यापीठातून पुन्हा हाती घेतले. मराठी, इतिहास व समाजशास्त्र हे विषय सुटले. इंग्रजी मात्र दोन वेळा राहिले. व्याकरणाचे नियम पाठ आहेत, मार्गदर्शक पुस्तके पाठ आहेत, नेमलेल्या धड्यांची उत्तरेही पाठ आहेत. गुण जातात ते अपठित उताऱ्यात. "जे पूर्वी पाहिलेच नाही, ते पाठ कसे करावे?" असे त्या विचारतात. घरातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणतात की, ह्या वयात परकी भाषा डोक्यात शिरत नाही, तेव्हा हा नाद सोडावा. बाईंचा प्रश्न इतकाच की, ते म्हणतात हे खरे काय?

प्रश्न एका बाईंचा असला तरी अनेक घरांतला आहे, म्हणून ह्या महिन्याचे सदर त्यासच दिले आहे.

प्रथम वयाच्या आक्षेपाचा विचार करू. पंडिता रमाबाई ह्यांचे सारे शिक्षण संस्कृतात झाले होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस गौरविले ते संस्कृताच्याच व्यासंगाबद्दल. इंग्रजी त्यांनी विशी उलटल्यावर हाती घेतले. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविता शिकविता स्वतः अध्ययन करीत राहिल्या, आणि १८८७ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. उलट दिशेचे उदाहरण पाहावयाचे तर १९३८ साली जे भारतीय वैद्यकीय पथक चीन देशी गेले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते व आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस ह्यांनी तेथे युद्धाच्या धामधुमीत चिनी भाषा आत्मसात केली व १९४२ साली मृत्यू येईपर्यंत त्याच लोकांत राहून काम केले. चिनी लिपीची हजारो चिन्हे ज्या वयात शिकता आली, त्या वयाहून दहाबारा वर्षे अधिक झाली म्हणून सव्वीस अक्षरांची भाषा वाचता येऊ नये, असे काही नाही. प्रौढपणी उच्चार लवकर वळत नाहीत, हे खरे. परंतु वाचून अर्थ जाणणे हे जिभेचे काम नव्हे, बुद्धीचे आहे. आणि बुद्धी संसाराने बोथट होते असे ज्यांस वाटते, त्यांनी संसार दुरूनच पाहिला असावा.

मग अडते कोठे? अडते ते आपल्या वाचण्याच्या सवयीत. अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्यास निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आढळते. आपली मार्गदर्शक पुस्तके विद्यार्थ्यास असाच खांब करून ठेवितात. अपठित उतारा हा त्या खांबाची परीक्षा घेत नाही. तो विचारतो की, अनोळखी माणूस दारी येऊन चार वाक्ये बोलला, तर त्याचे म्हणणे तुम्हांस कळेल काय?

ह्या बाबतीत आपण एकटे नाही. चीन देशात पदवीचे लक्षावधी विद्यार्थी इंग्रजीच्या राष्ट्रीय परीक्षेस बसतात. ही परीक्षा १९८७ पासून चालू आहे, आणि वाचून अर्थ सांगणे हा तिचा मोठा भाग असतो. त्यांची भाषा आपल्याहून अगदी निराळी. तरी दोन अडचणी त्यांच्या व आपल्या सारख्याच आहेत. पहिली, इंग्रजीतील 'अ' आणि 'द' ह्या उपपदांसारखे काही त्यांच्याही भाषेत नाही व आपल्याही नाही. म्हणून 'फ्यू पीपल केम' व 'अ फ्यू पीपल केम' ह्यांतील भेद दोघांच्याही डोळ्यांतून निसटतो. पहिल्याचा अर्थ, फारसे कोणी आले नाही; दुसऱ्याचा अर्थ, काही मंडळी आली. एका अक्षराने सभा ओस पडते किंवा भरते! दुसरी अडचण विशेषणवाक्याची. आपण म्हणतो, 'म्हाताऱ्याने खणलेली विहीर'. चिनी मनुष्यही विशेषण आधी व नाम मागाहून ठेवितो. इंग्रज मात्र विहिरीचे नाव आधी घेतो आणि तिची हकीकत मागाहून सांगत बसतो. ती हकीकत लांबली की, वाचकास मूळ विहिरीचा विसर पडतो.

ह्यावर उपाय आपल्या घरातच आहे. जुन्या पाठशाळेत श्लोक लावण्याच्या दोन रीती होत्या: दंडान्वय आणि खंडान्वय. दंडान्वयात पदे गद्याच्या क्रमाने मांडून घेत. खंडान्वयात मुख्य क्रियापद आधी धरीत व त्यास एकेक प्रश्न विचारून बाकीची पदे त्याच्याभोवती आणून बसवीत. इंग्रजी वाक्यास ही दुसरी रीत फार उपयोगी पडते. उदाहरण घेऊ: 'द वेल दॅट दी ओल्ड मॅन डग बिफोर द फॅमिन ड्राइड अप इन एप्रिल.' घाईने वाचणारा 'फॅमिन ड्राइड अप' हे तीन शब्द एकत्र करितो व दुष्काळ संपला असे समजतो. खंडान्वय करणारा थांबतो. वाक्यात क्रियापदे दोन, 'डग' व 'ड्राइड अप'. 'दॅट' ह्या शब्दाने पहिले क्रियापद आपल्या पदरी घेतले; तेव्हा मुख्य राहिले दुसरे. आता प्रश्न विचारावे. काय झाले? आटली. काय आटले? विहीर. कोणती विहीर? म्हाताऱ्याने खणलेली. कधी खणलेली? दुष्काळापूर्वी. आटली कधी? एप्रिलात. मग मराठीत म्हणावे: 'जी विहीर म्हाताऱ्याने दुष्काळापूर्वी खणली, ती एप्रिलात आटली.' आपल्या भाषेची जी-ती, जो-तो ही जोडी म्हणजे इंग्रजी लांब वाक्य उघडण्याची किल्लीच होय. चिनी विद्यार्थ्यास ही जोडी नाही. आपणांस ती आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे.

वाक्य लागले, तरी उतारा लागला असे होत नाही. प्रश्नपत्रिकेत शीर्षक द्या, लेखकाचा मुख्य मुद्दा सांगा, असे प्रश्न असतातच. येथे मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी जी सहा लिंगे सांगितली, ती जशीच्या तशी लागू पडतात. उपक्रम व उपसंहार: उताऱ्याचा आरंभ व शेवट जुळवून पाहावे. अभ्यास: कोणती गोष्ट वारंवार आली? अपूर्वता: येथे नवीन काय सांगितले? फल: त्यापासून निष्पन्न काय? अर्थवाद: लेखक कोणाची स्तुती करितो, कोणाची निंदा? उपपत्ति: कोणती कारणे व दृष्टांत देतो? ह्या सहांपैकी चार एकाच गोष्टीकडे बोट दाखवू लागली की, शीर्षक आपोआप हाती येते. दृष्टांतासच मुद्दा समजणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची गफलत. उपपत्ति व फल ह्यांतील भेद ध्यानात ठेविल्यास ती टळते.

शब्दकोशाविषयी दोन शब्द. इंग्रजी-मराठी कोशांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कँडीसाहेबांचा कोश १८४७ सालचा. परंतु कोश हा मीठाप्रमाणे वापरावयाचा. दर ओळीस कोश उघडणारा वाचक वाक्याचा धागा हरवून बसतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक सांगतात की, उताऱ्यातील शंभर शब्दांपैकी ९५ ते ९८ ओळखीचे असल्यास बाकीच्यांचा अर्थ संदर्भाने लावून वाचन चालू शकते. त्याहून कमी असतील तर तो उतारा आज आपल्यासाठी नव्हे, सोपा घ्यावा. अनोळखी शब्दाशी संनिधि व योग्यता पाहून वागावे. शेजारी कोणते शब्द आहेत व तेथे कोणता अर्थ बसू शकेल, हे आधी ठरवावे. 'विस्तवाने शिंपतो' असा अर्थ निघू लागला तर आपले अनुमान चुकले, हे शास्त्रकारांनी सांगूनच ठेविले आहे. कोश त्यानंतर, केवळ पडताळ्यासाठी.

आता प्रौढ विद्यार्थ्याचे एक बल आणि एक वैगुण्य सांगतो, कारण मार्गदर्शक पुस्तके ह्याविषयी मौन धरितात. बल हे की, त्यास जग ठाऊक असते. बँकेचा व्यवहार, दवाखान्याची रांग, पावसाची ओढ, मुलांची आजारपणे ह्यांवरील उतारा आला तर अठरा वर्षांच्या मुलापेक्षा चाळिशीच्या बाईंस तो लवकर कळावा. वैगुण्यही तेच. उताऱ्यात लेखकाने काय म्हटले, हे विचारले असता प्रौढ मनुष्य आपणास काय वाटते ते लिहितो. समजा, उतारा एकत्र कुटुंबावर आहे व लेखकाच्या मते त्यात धाकट्यांच्या इच्छेस वाव राहात नाही. ज्यांनी वीस वर्षे एकत्र कुटुंब चालविले, त्यांची लेखणी लगेच त्याच्या समर्थनार्थ सरसावते; किंवा ज्यांनी त्यात सोसले, त्या लेखकाच्या चार पावले पुढे जातात. दोन्ही उत्तरे मनापासूनची, आणि दोन्ही चूक. हक्सले ह्यांचा ग्रंथ १८९८ साली चिनी भाषेत आणणारे यान फू ह्यांनी भाषांतराच्या तीन कसोट्या सांगितल्या: मूळाशी इमान, अर्थाची स्पष्टता व भाषेचे सौष्ठव. त्यांतील पहिली कसोटी वाचकासही आहे. परीक्षेपुरते नव्हे, एरवीही ज्याचे म्हणणे आपणांस रुचत नाही त्याचे म्हणणे जसेच्या तसे सांगता येणे, ही सुशिक्षितपणाची खूण होय. म्हणून प्रत्येक उत्तरापूर्वी मनाशी विचारावे: हे उताऱ्यात कोणत्या ओळीत आहे? ओळीवर बोट ठेविता आले नाही, तर ते उत्तर आपले, लेखकाचे नव्हे.

नित्याचा क्रम असा ठेवावा. रोज ४० मिनिटे. उतारा अडीचशे-तीनशे शब्दांचा. पहिले वाचन कोशावाचून, न थांबता. मग प्रश्न पाहावे. दुसरे वाचन पेन्सिल घेऊन. मुख्य क्रियापदांखाली रेघ, आणि 'इट', 'दिस', 'दे' अशा सर्वनामांपासून ती ज्या नामाबद्दल आली त्यापर्यंत बाण. मग उताऱ्याचे सार मराठीत एका वाक्यात लिहावे. ते लिहिता आले नाही तर तिसरे वाचन. त्यानंतरच इंग्रजीत उत्तरे. कोशातून घेतलेले शब्द पाचांहून अधिक नसावेत व ते त्यांच्या वाक्यासह वहीत टिपावे. दुसऱ्या दिवशी तोच उतारा एकदा मोठ्याने वाचावा. उतारे कोठून आणावे, ही चिंता नागपुरात नको. नामदार गोखल्यांनी १९११ साली येथे सुरू केलेले 'हितवाद' आजही निघते. सकाळी एखादी बातमी मराठी वृत्तपत्रात वाचावी, दुपारी तीच इंग्रजीत. विषय ठाऊक असल्याने सारे लक्ष वाक्यरचनेवर राहाते.

राहिला घरचा प्रश्न. रमाबाई रानडे ह्यांचे आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. पतीच्या उत्तेजनाने वाचावयास शिकणाऱ्या सुनेस घरातील वडील बायकांची किती बोलणी सोसावी लागली, हे त्यात त्यांनी कोणाविषयी कटुता न धरिता सांगितले आहे. आपण ते पुस्तक कौतुकाने वाचितो आणि त्या बायका मागासलेल्या होत्या असे म्हणून पान उलटितो. परंतु आज आपल्या घरात सून वही घेऊन बसली की, त्याच क्षणी कोणास चहा आठवतो, कोणास किल्ल्या सापडत नाहीत, कोणी दारावरची घंटा वाजते म्हणून हाक मारितो. विरोध कोणीच करीत नाही; सलग वेळही कोणी देत नाही. लांब वाक्याचे क्रियापद शोधणाऱ्यास मध्येच उठविले तर त्यास पुन्हा पहिल्या शब्दापासून आरंभ करावा लागतो. दहा मिनिटे चार वेळा मिळाली म्हणजे चाळीस मिनिटे होत नाहीत. बाईंच्या दोन नापासांत बुद्धीचा दोष किती व ह्या तुटलेल्या मिनिटांचा किती, हे घरच्या मंडळींनी प्रामाणिकपणे पाहावे.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या ताईंस माझे उत्तर असे: वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे नाही. परीक्षेस चार महिने आहेत असे आपण लिहिता. आठवड्यास पाच उतारे धरिले तरी ऐंशीच्या घरात जातात, आणि इतके उतारे वर सांगितल्याप्रमाणे उलगडले असता एक्याऐंशीवा परका वाटण्याचे कारण नाही. आणि त्या वडीलधाऱ्या गृहस्थांस माझी विनंती अशी: आपणांस इंग्रजी येत असेल तर दुसऱ्या दिवशीचे मोठ्याने वाचन आपण ऐकावे, येत नसेल तर दुपारी चार ते चार-चाळीस दारावरची घंटा आपण पाहावी. दोहोंपैकी कोणतेही काम कमी प्रतीचे नाही.

पुढील महिन्यात सारांशलेखनाविषयी लिहीन. तोपर्यंत ज्यांस ह्या रीतीने उतारे सोडवून पाहावयाचे असतील, त्यांनी आपल्या अडलेल्या वाक्यांची यादी मासिकाच्या पत्त्यावर जरूर धाडावी.