आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल!

लातूरला डाळमिल चालविणाऱ्या एका स्नेह्याच्या कचेरीत मी बसलो होतो. चहा येतो न येतो तोच मुनीमजी मोबाइल पुढे धरून आत आले. ‘मालक, आज रात्री लाइन तोडायलेत म्हणे!’ संदेश इंग्रजीत होता. मागच्या महिन्याच्या बिलाची नोंद झालेली नाही, सबब आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित होईल, ताबडतोब खालील क्रमांकावर वीज अधिकाऱ्याशी बोलावे. मालकांचा हात फोनकडे गेलासुद्धा. मी सहज विचारले, ‘मागचे बिल भरले नव्हते का?’ मुनीमजी थबकले. ‘भरलं की. पावती फायलीला लावलीय.’ फाईल आली, पावती निघाली आणि विषय हसण्यावारी गेला. मला मात्र ती पाच मिनिटे विसरता आलेली नाहीत.

सोयाबीनच्या सौद्यात क्विंटलमागे पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा, मूठभर माल हातात घेताच ओलावा सांगणारा माणूस दोन ओळींच्या संदेशाने का हलावा? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. वीज जाणे ही गोष्ट आपल्या भागात सहज पटण्यासारखी आहे, म्हणून! भारनियमनाची वर्षे नांदेड-लातूरकर अजून विसरलेले नाहीत. त्यात मिल एक रात्र बंद म्हणजे हमाल बसून, माल अडकून आणि गाडी दारात उभी. भामट्यांनी नेमकी हीच नस पकडली आहे. एरवीचा ठक आपल्या लोभावर जगतो, हा आपल्या धास्तीवर जगतो.

२०२२ साली अशा संदेशांचे महाराष्ट्रभर पेव फुटले आणि महावितरणला ग्राहकांना वारंवार सावध करावे लागले. पद्धत ठरलेली. फोन केला की पलीकडचा ‘अधिकारी’ मोठ्या अदबीने बोलतो. एक ॲप घ्या, फक्त दहा रुपये भरा, नोंद होऊन जाईल, असे सांगतो. दहा रुपयांना कोण नाही म्हणणार? ते ॲप एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे असते. ही ॲप मुळात वाईट नव्हेत. दूर बसून दुसऱ्याचा संगणक दुरुस्त करता यावा, हा त्यांचा उपयोग. परंतु त्यांच्यामुळे आपली स्क्रीन पलीकडच्याला दिसू लागते. दहा रुपये भरताना आपण लिहिलेली माहिती आणि बँकेकडून आलेला ओटीपी तो वाचतो आणि खाते रिकामे होते. हल्ली तर व्हॉट्सॲपवर थेट एपीके फाईलच पाठवितात. ती उघडली की मोबाइलचा ताबा गेलाच समजा.

व्यापारी आणि कारखानदारांकडे याचेच दुसरे रूप ई-मेलमधून येते. महावितरण छापील बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेणाऱ्याला सवलत देते. ऑगस्ट २०२३ पासून घरगुती, दुकानदार अशा लघुदाब ग्राहकांना महिन्याला पाच हजारांहून अधिक बिल रोखीने भरता येत नाही. म्हणजे ऑनलाइन भरणा ही व्यापाऱ्याच्या बाबतीत हौस राहिलेली नाही. अशा वेळी हुबेहूब बोधचिन्ह असलेले बिल येते. त्यात पैसे भरण्याची एक लिंक असते, नाहीतर ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ अशी साधी ओळ. दिवसाकाठी ढीगभर मेल उघडणारा कारकून ते निमूटपणे भरून टाकतो.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातील एका इसमाने तैवानच्या एका पुरवठादार कंपनीच्या नावे खोटी बिले पाठवून गूगल आणि फेसबुक या दोन बलाढ्य कंपन्यांकडून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. नाव ओळखीचे, बिल नेहमीसारखे, पैसे गेले! जिथे हे घडू शकते तिथे नव्या मोंढ्यातल्या आडतीने गाफील राहून कसे चालेल?

मग बचाव कशात आहे? पहिला बचाव कायद्यात आहे. विद्युत कायदा, २००३ च्या ५६ व्या कलमानुसार थकबाकीपोटी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस कागदावर येवो वा मोबाइलवर, मुदत पंधरा दिवसांचीच. थकबाकी नाही, नोटीस नाही, आणि तरीही कोणी ‘आज रात्री’ म्हणत असेल, तर ते दोन शब्दच खोटेपणाचा पुरावा आहेत. शिवाय महावितरणचा संदेश कोणाच्या खासगी दहा आकडी क्रमांकावरून येत नाही. पाठविणाऱ्याच्या जागी ‘एमएसईडीसीएल’ ही अक्षरे असतात. शंका आली तर आलेल्या लिंकला हात न लावता महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपला ग्राहक क्रमांक स्वतः टाकून बिल पाहावे, अथवा १९१२ वर विचारावे.

दुसरा बचाव आपल्या जुन्या पेढीच्या शिस्तीत आहे. पूर्वी बिल आले की मुनीम ते मागच्या बिलाशी ताडून पाही, मालक सही करी आणि मगच तिजोरी उघडे. पैसा बाहेर पडायला दोन-तीन हात लागत. मोबाइलने ते सारे हात एका अंगठ्यावर आणून ठेवले. ती शिस्त पुन्हा आणायला खर्च नाही. बिल तपासणारा एक आणि पैसे सोडणारा दुसरा असावा. खाते क्रमांक बदलल्याचे कळविणारा मेल आला, तर त्या मेलमधल्या नव्हे, जुन्या बिलावरच्या क्रमांकावर फोन करून खातरजमा करावी. रोजच्या भरण्याचे खाते वेगळे ठेवून त्यात मोजकीच शिल्लक असावी.

इतके करूनही फसगत झालीच, तर लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. वेळेत कळले तर ते वाटेत गोठविता येतात. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला दंडकही असाच आहे. ग्राहकाच्या चुकीने गेलेले पैसे तक्रारीच्या क्षणापर्यंत ग्राहकाचे नुकसान, त्यानंतरचे बँकेचे. पण आमच्या गावांत पत हेच भांडवल. ‘शेठ फसले’ ही बातमी पेठेत नको, म्हणून माणूस दोन दिवस गप्प राहतो. भामट्याला तेवढाच अवधी हवा असतो.

अर्थात सारा दोष ग्राहकाच्या माथी मारून भागणार नाही. या धंद्याला एक सिमकार्ड लागते आणि एक बँक खाते लागते. दोन्ही कोणीतरी कागदपत्रे पाहूनच दिलेली असतात. ती पाहणाऱ्यांना जाब विचारला जाणार की नाही, हा प्रश्न आपण विचारत राहिले पाहिजे.

परवा पुन्हा त्या डाळमिलवर गेलो. मुनीमजींच्या टेबलामागे भिंतीवर पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर शाईपेनाने ठळक लिहिले होते, ‘आधी पावती, मग फोन.’