पाना आणि पुस्तक

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या भाईजानचा ट्रक महिनाभर दारात उभा होता. शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग भरून पुण्याकडे निघाले, वाटेत तापमानाचा काटा चढला. "कऱ्हाड आलंच की," म्हणून त्यांनी गाडी तशीच रेटली. तिथं दांडी काढून बघतात तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं! हेड गॅसकेट जाऊन पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. त्याच ऑइलवर गाडी चालल्यानं बेअरिंगही गेली.

वॉरंटी संपलेली. एका वर्कशॉपनं सांगितलेला आकडा ऐकून भाभींनी न बोलता हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला दारात उभा. तेव्हा बापलेकांनी ठरवलं, इंजिन आपणच उतरवायचं. पुतण्या आयटीआयचा डिझेल मेकॅनिक झालेला, भाईजानचे हात तीस वर्षं ग्रीसमध्ये.

रविवारी आम्हीही गेलो. भाईजाननी आंब्याच्या फांदीला चेन कुप्पी बांधायचं काढलं. "जुन्या गाडीचं असंच उतरवलं होतं," म्हणाले. आमच्या पोटात गोळा आला. ट्रकचं इंजिन चार-पाचशे किलोचं, ओल्या फांदीचा काय भरवसा? शेवटी उद्यमनगरातून लोखंडी घोडी भाड्यानं आणली. लटकत्या इंजिनाखाली हात-पाय घालायचा नाही, एवढी एक गोष्ट आम्ही मास्तरकीच्या आवाजात सांगितली.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि इंजिनाभोवती तारा, सेन्सर, युरियाची टाकी असा संसार वाढला. पुतण्यानं आधी बॅटरी सोडली, पाणी-ऑइल काढलं, केबिन उचलून टेकू दिला. प्रत्येक सॉकेट काढण्याआधी मोबाइलवर फोटो, मग चिकटपट्टीवर नंबर. भाईजान हसले, "आम्ही तर सगळं डोक्यात ठेवायचो." पोरगा म्हणाला, "अब्बा, तेव्हा तारा चारच होत्या."

हेड आणि क्रँक उद्यमनगरात तपासून, घासून आणले. देशभरच्या इंजिनांचे ब्लॉक आणि हेड जिथं ओतले जातात, त्या कोल्हापुरात असा कारागीर शोधायला लांब जावं लागत नाही, हे आपलं नशीबच. हेडचे बोल्ट मात्र अंदाजानं आवळता येत नाहीत. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं, पुस्तकात दिलेल्या मापानंच. काही बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. इंजेक्टरला त्यांनी हात लावला नाही, ते जाणकाराकडे दिले. तिथल्या डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्याही पुढे जातो. बारीक गळतीची धारसुद्धा कातडीत घुसते.

इंजिन बसलं, चावी फिरवली. सेल्फ फिरतोय, गाडी सुरू होईना! भाभी दारात तस्बीह घेऊन उभ्या. स्कॅनर मागवून लावला, तर पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी. भाईजाननी तो आमच्यापुढे धरला. शब्द आम्ही वाचले, अर्थ पुतण्यानं लावला: क्रँकच्या सेन्सरचा सिग्नल येत नव्हता. सॉकेट अर्धवट बसलं होतं. खट्कन दाबलं, आणि गल्लीत आवाज घुमला.

त्या रात्री भाईजान म्हणाले, "मी आठवीत शाळा सोडली तेव्हा तू रडला होतास. आज कळलं का ते."

१९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं या शहरात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं, ते आपल्या मुलांनी शिकावं म्हणून. आजही आमच्या वर्गातली दोन-तीन पोरं दरवर्षी गॅरेजकडे वळतात. गॅरेजला आम्ही कमी लेखत नाही. हलाल कमाईचा तो इज्जतीचा हुन्नर आहे. पण बापहो, दहावी होऊ द्या, जमलं तर आयटीआय करू द्या. आता पान्याबरोबर स्कॅनरही वाचावा लागतो. आणि शिकलेल्या पोरांनो, सुट्टीत एखादा दिवस अब्बांच्या हाताखाली काम करा. आवाजावरून बेअरिंग ओळखणारा कान कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

बांगड्या भाभींच्या हातातच आहेत. आणि काटा चढला की भाईजान आता गाडी बाजूला घेतात.