गुण आला म्हणजे डॉक्टर खरा?

आमच्या बालाघाटात डॉक्टरची परीक्षा एकाच प्रश्नावर होते: गुण येतो का? आला, की त्याने काय शिकलंय ते कुणी पुसत नाही. त्वचारोगात ही कसोटी साफ खोटी आहे.

माझ्या मावशीच्या कमरेला गजकर्ण झालं. धानाच्या रोवणीचे दिवस, ओलं लुगडं दिवसभर अंगाला. गावातल्या एका ‘स्किन स्पेशालिस्ट’ने ट्यूब दिली. तिसऱ्या दिवशी खाज गेली, लाली गेली. मावशीने गल्लीत चौघींना त्याचं नाव सांगितलं. दोन महिन्यांत चट्टे पोटावर, मांड्यांवर पसरले. ट्यूब थांबवली की आग व्हायची. शेवटी गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ट्यूब उजेडाकडे धरून बारीक अक्षरांतला एक शब्द बोटाने दाखवला: क्लोबेटासॉल. जबर ताकदीचं स्टिरॉइड. ते सूज आणि खाज दाबतं, बुरशीला मात्र रान मोकळं करून देतं. मावशीला आलेला गुण म्हणजे रोग लपला होता, एवढंच. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी कितीतरी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून. पण चिठ्ठी लिहिणाराच तज्ज्ञ नसला तर?

“पाटीवर ‘बोर्ड सर्टिफाइड’ लिहिलंय की!” असं कुणी म्हणेल. ही भाषा अमेरिकेची. तिथे त्वचारोगाचं बोर्ड 1932 पासून आहे. आपल्याकडे पाहायचं ते एमबीबीएसनंतरचं एम.डी., डी.डी.व्ही.एल. पदविका किंवा डी.एन.बी. या विषयाच्या नावातच त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तिन्ही आहेत. न खाजणारा, बधिर, फिकट चट्टा म्हणजे कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण आधी तो ओळखायला हवा. चार दिवसांच्या कॉस्मेटिक कोर्सचं सर्टिफिकेट त्याला पुरत नाही.

“डॉक्टरला नंबर विचारणं बरं दिसत नाही.” का नाही? 2002 च्या आचारनियमांनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रत्येक चिठ्ठीवर असायलाच हवा, आणि त्या शाखेची खास पदवी नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवता येत नाही. आपण इकडे बालाघाटात, औषधाला गोंदिया-नागपूर; म्हणून क्रमांक भोपाळच्या मेडिकल कौन्सिलचा की मुंबईच्या, तेही विचारावं. मग त्या कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव आणि नोंदवलेली पदवी ताडून पाहावी. मोबाइलवर होणारं काम आहे.

साध्या खाजेसाठी नागपूर गाठा, असं मी म्हणत नाही. घरचा एमबीबीएस डॉक्टर ती बघू शकतो, आणि न जमलं तर पुढे पाठवतो. माझं भांडण न शिकता तज्ज्ञ म्हणवणाऱ्याशी आहे.

राहिला सगळ्यात वजनदार आक्षेप: डिग्रीवालेही चुकतात. चुकतात, मान्य. पण नोंदणी असलेल्याची तक्रार कौन्सिलकडे नेता येते, त्याची सनद अडवता येते. मावशीसाठी तक्रार लिहायला मी बसलो, तेव्हा ती जुनी चिठ्ठी पहिल्यांदा नीट वाचली. नाव होतं, मोबाइल होता, भेटीची वेळ होती. नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता.